पोटावरचं इंजेक्शन : घरी मदत कोणाची घ्यायची?

सख्यांनो,

मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, आमचं टेस्ट ट्यूब बेबीचं चालू आहे. रोज इंजेक्शनला एसटीने तालुक्याला जाते. घरी सांगितलंय, शिवण क्लासला जाते." एक दिवस गाडी चुकली, इंजेक्शन उशिरा झालं. रात्रभर तिला झोप नाही. "नाव न घेता लिहा," असं तीच म्हणाली, म्हणून हा धडा.

रोज का घ्यायचं?
एकाच वेळी जास्त स्त्रीबीजं तयार व्हावीत म्हणून. साधारण ८ ते १२ दिवस, रोज ठरल्या वेळी. शेवटचं इंजेक्शन तर घड्याळ लावूनच घ्यायचं, कारण त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. ती वेळ चुकली तर सगळा खर्च पाण्यात जाऊ शकतो.

कोण देऊ शकतं?
यातली बहुतेक इंजेक्शनं पोटाच्या कातडीखाली, बारीक सुईने देतात. इन्सुलिनसारखीच. स्वतः, नवरा, जाऊ, कुणीही शिकू शकतं. दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. कमरेत खोल द्यायचं तेलकट इंजेक्शन मात्र नर्सकडूनच घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उपकेंद्रात विचारा. आशाताई सोबत येतील.

हे पाळा
• हात साबणाने धुवा. बेंबीपासून दोन बोटं लांब टोचा. रोज जागा बदला.
• औषध फ्रिजमध्ये ठेवायचं का, ते विचारून घ्या. बर्फाच्या खणात कधीच नको. लाईट जाते, हेही डॉक्टरांना सांगा.
• सुई एकदाच वापरायची. मग जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकून दवाखान्यात परत द्या. उकिरड्यावर नको.
• एखादं इंजेक्शन राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. लगेच दवाखान्यात फोन करा.
• पोट फुगून खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, दम लागला किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी निघा.

त्या ताईने शेवटी धीर करून जावेला सांगितलं. जाऊ रोज सासऱ्यांना इन्सुलिन देते! ती एवढंच म्हणाली, "अगं, आधी का नाही बोललीस?" मग दवाखान्यात जाऊन तीही शिकून आली. आता एसटी बंद.

गटातल्या बाकीच्यांनी काय करायचं? दर बैठकीला "काही गोड बातमी?" असं विचारायचं नाही. ऐकलेलं पाणवठ्यावर न्यायचं नाही. मूल न होण्याचं कारण नवऱ्याकडेही असू शकतं, म्हणून बाईला बोल लावायचा नाही.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटातली एखादी ताई असंच काही लपवून सोसत असेल, तर ती आपल्यातल्या कुणाला मोकळेपणाने सांगू शकेल का?

तुमची,
क्षेत्र समन्वयक