गोड्या पाण्यातील चपटी गोगलगाय : तिचा जीवनक्रम, संवर्धनस्थिती व गुरांचे आरोग्य

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या परिसरातील डोंगरउतारांवर दहिसर नदीचा उगम होतो. सुमारे १२ किलोमीटरांचा मार्ग आक्रमून व बोरिवली आणि दहिसर ही उपनगरे ओलांडून ती मनोरीच्या खाडीस मिळते. उद्यानाच्या हद्दीत तिचे पाणी खडकांवरून वाहते, निवळ असते व त्यात प्राणवायू भरपूर असतो. हद्द संपताच गोठ्यांतील शेण, कपडे धुण्याचे पाणी आणि वस्तीचे सांडपाणी तीत मिसळू लागते. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतरच्या काळात भातखाचरे जाऊन तेथे इमारती आल्या. परंतु म्हशींचे गोठे काही ठिकाणी टिकून राहिले. शेती गेली तरी शेतीच्या पाण्यातील रोग त्याबरोबर जात नाहीत, हे गोठेवाल्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

ह्या रोगांच्या साखळीत एका लहानशा गोगलगायीस मोठे स्थान आहे. शास्त्रीय भाषेत तिला इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशाये ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे प्रथम वर्णन केले. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश व आग्नेय आशिया हा तिचा मूळ मुलूख होय. पुढे आफ्रिकेतही तिचा शिरकाव झाला.

ओळख

भातखाचरांत व तळ्यांत दिसणाऱ्या मोठ्या, फुगीर गोगलगायीशी हिची गल्लत होऊ नये. त्या मोठ्या गोगलगायीच्या शंखाच्या तोंडास घट्ट झाकण असते. चपट्या गोगलगायीस असे झाकण नसते. तिचा शंख चकलीसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला, तपकिरी रंगाचा व पूर्ण वाढ झाल्यावर सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीचा असतो. तिच्या रक्तात मनुष्याच्या रक्ताप्रमाणेच लाल रंगद्रव्य असते, त्यामुळे शंख फुटल्यास तांबूस द्रव बाहेर येतो. ही खूण एकदा पाहिली म्हणजे विसरत नाही.

ती कल्ल्यांनी नव्हे तर फुप्फुसासारख्या पोकळीने, पृष्ठभागावर येऊन हवा घेते. म्हणून ज्या पाण्यात प्राणवायू संपत आला आहे त्यातही तिचे चालते. कल्ल्यांनी श्वसन करणाऱ्या गोगलगायी मात्र अशा पाण्यात गुदमरून नाहीशा होतात. एखाद्या ओहोळात पूर्वी चार-पाच जातींच्या गोगलगायी दिसत असत व आता केवळ फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या एक-दोन जातीच उरल्या असतील, तर पाणी बिघडले असे खुशाल समजावे. त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवाळ व कुजकी पाने हे तिचे अन्न. साचलेले उथळ पाणी, डबकी, कालव्यांचे संथ कोपरे व काही प्रमाणात भातखाचरे येथे ती राहते. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते. जोडीदार न मिळाल्यास ती एकटीही अंडी घालू शकते, आणि म्हणून जनावराच्या खुरास वा पाणपक्ष्याच्या पायास चिकटलेल्या चिखलातून एक जरी पिलू नव्या डबक्यात पोहोचले तरी वर्षभरात तेथे तिची वसाहत होते. पाण्याचे तपमान १५ अंशांच्या खाली असल्यास ती वयात येत नाही. ३० अंशांच्या आसपास तिची वाढ सर्वांत जोमाने होते व एका गोगलगायीपासून आयुष्यात सुमारे ८०० पर्यंत अंडी मिळू शकतात. कोकणपट्टीचे हवामान तिला किती मानवते हे निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात डबके आटू लागले की ती चिखलात पुरून घेते व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येते.

संवर्धनस्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ह्या जातीची नोंद ‘किमान चिंता’ ह्या वर्गात झालेली आहे. विस्तृत मुलूख व विपुल संख्या पाहता ती नोंद योग्यच आहे. मात्र ह्या एका नावाखाली बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, पण आनुवंशिक घडणीने बऱ्याच भिन्न अशा अनेक शाखा आहेत, असे अलीकडील संशोधनातून दिसून आले आहे. ‘किमान चिंता’ हा शेरा त्या सर्वांस मिळून एकत्र लागलेला आहे.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण सह्याद्रीतच आढळते. क्रेम्नोकॉन्कस ह्या गणातील गोगलगायी घाटमाथ्यावरील धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या राहिलेल्या कातळावर जगतात. त्यांचे सर्व जवळचे आप्त समुद्रकिनाऱ्यावरील खडकांवर राहणारे आहेत. हा एकच गण गोड्या पाण्यात आला आणि जगात पश्चिम घाटाखेरीज तो कोठेही नाही. ब्लॅनफर्ड ह्या भूशास्त्रज्ञाने १८६९ साली ह्या गणास हे नाव दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या जातींची संख्या नऊ झाली. त्यांतील काही महाराष्ट्रात व बाकीच्या कर्नाटकात आहेत. एखादा झरा आटला किंवा वळविला गेला, तर त्या कातळावरील सबंध वस्ती नष्ट होऊ शकते.

चपटी व कातळावरची अशा ह्या दोन गोगलगायींस एकच विष सारखेच लागू पडते. मात्र विषानंतर परत येण्याचे सामर्थ्य पहिलीच्या अंगी आहे, दुसरीच्या नाही. पुढील सर्व विवेचन ह्या एका गोष्टीभोवती आहे.

रोगाची साखळी

गोगलगाय स्वतः गुरास काहीच करीत नाही. बाधित जनावराच्या शेणातून चपट्या कृमींची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेला सूक्ष्म जीव काही तासांत गोगलगायीच्या शरीरात शिरतो व तेथे त्याची संख्या कित्येक पटींनी वाढते. काही आठवड्यांनी शेपटीवाली पिले पाण्यात बाहेर पडू लागतात. येथपर्यंतचा क्रम सारखा असला तरी पुढे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट कोठीपोटातील कृमींची. ही पिले गवतावर किंवा भाताच्या ताटांवर चिकटून स्वतःभोवती कवच करतात. ते गवत खाल्ले की लहान कृमी प्रथम आतड्यात वाढतात व मग कोठीपोटाकडे सरकतात. आतड्यातील ही अवस्थाच घातक असते. पावसाळा संपतासंपता पारडी व वासरे यांस दुर्गंधीयुक्त पातळ हगवण लागते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते आणि काही जनावरे दगावतात. यकृतातील कृमीही अशाच तऱ्हेने गवतावाटे येतो. पण त्याचा वाहक निराळ्या जातीची, टोकदार शंखाची गोगलगाय आहे.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांतील कृमींची. ही पिले गवतावर थांबत नाहीत. पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून थेट आत शिरतात. ह्यांपैकी एका जातीचे कृमी नाकपुडीतील शिरांत राहतात. त्यामुळे नाकात फुलकोबीसारख्या गाठी येतात आणि जनावर श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करते. गायीबैलांत हा आजार अधिक तीव्र, तर म्हशींत सौम्य असतो. सौम्य असल्यामुळेच म्हैस वरवर निरोगी दिसून रोग पसरवीत राहते. ह्या कृमीची अंडी शेणातून नव्हे तर नाकातील शेंबडातून बाहेर पडतात. जनावराने तळ्यास तोंड लावले की अंडी पाण्यात गेलीच. चिखलणी व लावणी करणाऱ्या मजुरांच्या पायांस जी खाज सुटते व बारीक पुरळ उठते, तिच्या मागेही पुष्कळदा गुरांच्या ह्या कृमींची पिले असतात. मनुष्याच्या शरीरात ती वाढत नाहीत; कातडीतच मरतात.

मनुष्यास बाधणाऱ्या जातीचे एक केंद्र महाराष्ट्रातही सापडले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी ह्या गावी १९५२ साली गाडगीळ व शाह यांनी लघवीतून रक्त जाण्याच्या रोगाचे मूळ अशाच कृमींत असल्याचे दाखविले. तेथील वाहक म्हणून फेरिसिया नावाच्या, भाताच्या दाण्याहूनही लहान अशा गोगलगायीकडे शास्त्रज्ञांनी बोट दाखविले.

मुंबईच्या उपनगरांतील गोठ्यांत म्हशी बहुधा दावणीस बांधलेल्या असतात, तेव्हा त्यांस हे रोग कसे होणार, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर वैरणीत आहे. गोठ्याच्या धुवणावर पॅरा गवत वाढविण्याची पद्धत ह्या भागात जुनी आहे. शेणाचे पाणी चरात जाते, चरात चपटी गोगलगाय असते, चराच्या काठावर गवत असते आणि तेच गवत ओले कापून पुन्हा दावणीत येते. म्हैस गोठ्याबाहेर न जाता साखळी पूर्ण होते.

मोरचुदाचा मोह

बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद बागायतदारांच्या परिचयाचा आहे आणि त्याने गोगलगायी मरतात हेही खरे. परंतु वाहत्या ओहोळात तो टाकणे हितावह नाही. त्याने मासे, बेडकांची पिले व इतर गोगलगायी मरतात, आणि चिखलात पुरलेल्या किंवा विष न पोहोचलेल्या चपट्या गोगलगायींपैकी एखादी जरी वाचली तरी ती एकटीच डबके पुन्हा भरून काढते. प्रतिस्पर्धी व भक्षक मेल्यामुळे उलट तिला रान मोकळे मिळते. वरच्या अंगास, निवळ झऱ्यांत, हा प्रयोग कोणीही कदापि करू नये.

साखळी तोडावयाची ती शेणापाशी. शेण चरात न सोडता खड्ड्यात रचावे. कुजताना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने कृमींची अंडी मरतात. गवताचा चर आठवड्यातून काही दिवस कोरडा पडू द्यावा व काठचे शेवाळ काढावे. चरात बदके सोडता आल्यास उत्तम. ती लहान गोगलगायी आवडीने टिपतात. पाण्यालगतचा खालचा बुंधा सोडून गवत वरून कापावे, कारण कवचे तेथेच अधिक असतात. ते चांगले उन्हात वाळवून घातल्यास धोका पुष्कळ कमी होतो. ओलसर गंजीत मात्र कवचे दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. पाणी तळ्यावर न पाजता हौदात पाजावे. गोगलगाय नसलेल्या हौदात दोन दिवस साठविलेल्या पाण्यातील कातडीतून शिरणारी पिले आपोआप मरून जातात. घोरणाऱ्या जनावरास निराळ्या भांड्यात पाणी द्यावे.

औषधाविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. जंताचे कोणतेही औषध सर्व कृमींवर चालते असे नाही. कोठीपोटातील कृमींवर ऑक्सिक्लोझानाइड वापरतात, परंतु रक्तवाहिन्यांतील कृमींस प्राझिक्वांटेल लागते. औषध, मात्रा व त्यानंतर दूध किती दिवस विक्रीस देऊ नये, हे पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे.

तपासणीसाठी शेणाचा नमुना ताजा, जमिनीस न लागलेला व स्वच्छ डबीत भरून न्यावा. हगवणीने ग्रासलेल्या पारड्याच्या शेणात अंडी न आढळल्यास निर्धास्त राहू नये. त्या वेळी कृमी अपक्व असल्याने अंडी घालीतच नाहीत. अशा पातळ शेणावर पाणी ओतून ते बारीक जाळीच्या फडक्यातून गाळावे. फडक्यावर तिळाहून लहान, गुलाबी दाण्यासारखे कृमी राहिले, तर फडके तसेच डबीत घालून दवाखान्यात न्यावे.