काकांच्या कॉटेजची वेबसाइट

वाचण्यापूर्वी : कॅलेंडर न बघता एका कागदावर आजची तारीख फक्त आकड्यांत लिहा. घरातल्या दोन माणसांनाही लिहायला सांगा. तिघांचे कागद शेजारी ठेवा आणि मग पुढे वाचा.

टोरंटोहून ईशान्येला साधारण दोन तास गाडी चालवली की कवार्था लेक्सचा भाग लागतो. तिथे फेनेलन फॉल्स नावाचं छोटं गाव आहे. गावातून ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग जातो. हा ३८६ किलोमीटरचा मार्ग ओंटारिओ सरोवराला जॉर्जियन बेशी जोडतो. गावात त्याचं ३४ क्रमांकाचं लॉक आहे. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा : बोट आत घ्यायची, दरवाजे बंद करायचे, पाणी भरायचं आणि बोट वरच्या पातळीवर न्यायची. तिथून थोडं पुढे बाल्सम लेक. साऱ्या जलमार्गातली सगळ्यात उंच जागा हीच. इथून पाणी एकीकडे ओंटारिओ सरोवराकडे उतरतं, तर दुसरीकडे जॉर्जियन बेकडे.

या भागात आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं कॉटेज आहे. त्यांचं नाव इथे सांगत नाही. आपण त्यांना काका-काकू म्हणू या. कॉटेज वर्षातले काही आठवडे ते स्वतः वापरतात आणि उरलेले आठवडे पाहुण्यांना भाड्याने देतात. उन्हाळ्याच्या आठ-नऊ आठवड्यांत जे भाडं मिळतं त्यातून वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि दुरुस्ती निघते. म्हणजे ते आठवडे रिकामे गेले, तर घर विकायचा विषय निघतो. गेल्या वर्षी तो निघालाच होता. त्याला कारण झालं एक तारीख.

त्यांची वेबसाइट २०११ साली त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना केली होती. बुकिंगसाठी फॉर्मवर एक मोकळी चौकट होती : तारीख लिहा. बफेलोहून एका कुटुंबाने लिहिलं, ‘०७/०८, पाच रात्री’. काकांनी वाचलं सात ऑगस्ट. बरोबरच आहे ना? आम्ही महाराष्ट्रातल्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज तारीख लिहायचो ती अशीच, आधी दिवस, मग महिना. पण अमेरिकेत आधी महिना लिहितात. पाहुण्यांना म्हणायचं होतं आठ जुलै. काकांनी उत्तर पाठवलं, ‘०७/०८ पक्कं’. दोघांनी तेच आकडे पाहिले आणि दोघं निश्चिंत झाले.

आठ जुलैला संध्याकाळी ते कुटुंब तीन मुलांना घेऊन दारात उभं. आत दुसरं कुटुंब जेवत होतं. काकांनी स्वतःच्या खिशातून लिंडसेमधल्या एका मोटेलचे पैसे भरले. पैशांचं फारसं नाही वाटलं, असं ते मला म्हणाले. “पण लहान मुलं गाडीत झोपली होती रे. दारात आलेल्या पाहुण्याला परत पाठवलं, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.” त्यानंतर महिनाभर ते म्हणत होते, बस झालं, विकून टाकू.

मग काकूंनी मला फोन केला. मी दिवसा सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि ओळखीतल्या प्रत्येकाला वाटतं की याला प्रिंटरसुद्धा दुरुस्त करता येतो. (येत नाही.) पण हे काम मी आवडीने घेतलं.

तारखेचं उत्तर सोपं होतं. मोकळी चौकट काढली आणि कॅलेंडर ठेवलं. पाहुण्याने दिवसावर बोट ठेवायचं. आणि वेबसाइटवर जिथे जिथे तारीख दिसते तिथे महिना अक्षरांत लिहिला : ७ ऑगस्ट. कॅनडात दोन्ही सवयीचे लोक राहतात, म्हणून इथलं केंद्र सरकार तिसरीच पद्धत सुचवतं : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कॉम्प्युटरच्या आत मीही तीच वापरली. माणसांसाठी मात्र अक्षरं बरी.

इथपर्यंत मी खुशीत होतो. पुढची चूक माझी.

कॉटेज दोन-तीन मोठ्या बुकिंग साइटवरही आहे. एका ठिकाणी आठवडा भरला की बाकीच्या ठिकाणी तो बंद दिसायला हवा. त्यासाठी या साइट एकमेकींना ‘आय-कॅल’ नावाची साधी मजकुराची फाइल देतात. तिच्यात प्रत्येक बुकिंगची सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मी ती फाइल वाचून आमचं कॅलेंडर रंगवलं : पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळं लाल. दोन आठवड्यांनी काकूंचा फोन. “अरे, जुलै अर्धा रिकामा कसा? एका आड एक आठवडा कोणी मागतच नाही.”

कारण काय होतं? त्या फाइलमधली शेवटची तारीख म्हणजे पाहुणे निघायची तारीख. त्या रात्री घर रिकामं असतं. पण मी तो शनिवारही लाल केला होता. इथे उन्हाळ्यात बुकिंग शनिवार ते शनिवार असतं. त्यामुळे एका कुटुंबाचा आठवडा भरला, की पुढच्या कुटुंबाला त्याच शनिवारी सुरुवात करताच येईना.

गंमत बघा. आपण सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणतो; त्यात ‘आठ’ लपलाय. “आठ दिवसांनी भेटू” म्हणजे पुढच्या याच वारी भेटू. शनिवार ते शनिवार मोजा : दिवसांची नावं आठ येतात, रात्री सातच. मराठीत आपण दोन्ही टोकं धरून मोजतो. मी कोडसुद्धा मराठीत मोजून लिहिला होता! एक ओळ बदलली आणि कॅलेंडर मोकळं झालं. तोपर्यंत जुलैचा एक आठवडा हातचा गेला होता. काका मला काही बोलले नाहीत. मी मात्र पुढच्या भेटीत डेकला रंग लावून दिला.

आता फोटोंकडे वळू. जुन्या पहिल्या पानावर वीस फोटो होते. प्रत्येक सुमारे चार मेगाबाइटचा, म्हणजे एकूण ऐंशी. सेकंदाला पाच मेगाबिटचा वेग मिळत असेल, तर ते पान पूर्ण उघडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. (एका बाइटमध्ये आठ बिट असतात, गणित करून पाहा.) दोन मिनिटं कोण थांबतं? सहा फोटो ठेवले आणि लहान केले. रस्ता सांगणारं पान तर मुद्दाम बिनफोटोचं ठेवलं, कारण शेवटच्या वळणावर फोनला सिग्नल जेमतेम असतो.

पण खरा वाद झाला तो एका फोटोवरून. तो फोटो उंचावरून काढलेला होता. घर आणि पाणी अगदी चिकटून दिसत. खरं तर घरापासून धक्क्यापर्यंत लाकडी पायऱ्या आहेत. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोमागे दोन शब्दांचं वर्णन लिहावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन किंवा कॉम्प्युटर ते वर्णन वाचून दाखवतो. मी ते लिहायला बसलो आणि काकांना विचारलं, “पायऱ्या किती?” त्यांना माहीत नव्हतं. आम्ही उतरून मोजल्या. एक्केचाळीस.

वर येताना काकू म्हणाल्या, “मागच्या उन्हाळ्यात एक आजी आल्या होत्या. गुडघे दुखायचे. चार दिवस जाळीच्या पडवीत बसून लांबूनच पाणी बघत होत्या. तक्रार केली नाही बिचारीने.” काका गप्प झाले. मग म्हणाले, “लिही. एक्केचाळीस लिही. मोठ्या अक्षरात लिही.”

त्यानंतर बाकीचं सोपं झालं. मेच्या मध्यापासून जूनमधले बरेच दिवस ब्लॅकफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या असतात, हे लिहिलं. घराला सेप्टिक टाकी आहे, संडासात कागदाशिवाय काही टाकू नका, हे लिहिलं. नगरपालिकेच्या परवान्याचा क्रमांक वर आणला. तिथे थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायला परवाना लागतो. भाड्याचा आकडाही बदलला. पूर्वी आधी रात्रीचं भाडं दिसायचं आणि शेवटच्या पानावर साफसफाईचे पैसे वाढायचे. असं थेंबाथेंबाने किंमत वाढवणं कॅनडाच्या स्पर्धा कायद्याला मान्य नाही. २०२२ सालच्या दुरुस्तीत ते स्पष्टच लिहिलं आहे. सक्तीचा खर्च पहिल्याच किमतीत धरायचा. सरकारी कर तेवढा वेगळा दाखवता येतो. काकांना हा कायदा माहीत नव्हता, मलाही शोधताना कळला.

काकांना भीती वाटत होती : एवढं सगळं खरं सांगितलं तर येणार कोण? मी त्यांना कोकणातल्या पाट्यांची आठवण दिली. गुहागर, तारकर्ली कुठेही जा. रस्त्याकडेला रंगवलेली पाटी असते : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’, बाण आणि फोन नंबर. वाचून पाहुण्याला नेमकं कळतं की काय मिळेल आणि कुठे वळायचं. मला विचाराल तर निम्म्या वेबसाइटपेक्षा ती पाटी चांगली.

राहिलं मराठी पान. हो, जुन्या वेबसाइटवर एक मराठी पान होतं, काकूंनी लिहिलेलं. पण ते कोणालाच वाचता येत नव्हतं. ते जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. अशा फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं रोमनच असतात. फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट तुमच्याकडे नसेल तर मुखवटा उतरतो आणि नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ हा कुठल्याही फोनवर ‘क’च राहतो. तुम्ही आज्जीला मराठीत मेसेज पाठवता, तो पोचतो, त्याचं कारण हे.

मी म्हणालो, “काकू, हे पान काढून टाकू का? वर्षात दोन जण उघडतात.”

“मग दोघांसाठी ठेव,” काकू म्हणाल्या.

पान नव्याने टाइप केलं त्यांच्या नातीने. ती तेरा वर्षांची आहे, जन्म मिसिसागाचा. काकू जुन्या वहीतून वाचायच्या, ती फोनवर टाइप करायची. मध्येच थांबायची. “आजी, पडवी म्हणजे पोर्च ना? मग जाळीची पडवी कशाला? नुसतं स्क्रीन पोर्च लिहू?” काकू म्हणाल्या, “पोर्चमध्ये लोक बूट काढतात. पडवीत बसून मटार सोलतात.” नातीने ‘जाळीची पडवी’ लिहिलं. पुढे काकूंचं वाक्य होतं, ‘आमच्या अतिथिगृहात आपले सहर्ष स्वागत आहे.’ नात म्हणाली, “तू असं कधी बोलतेस?” काकूंनी विचार केला आणि ते वाक्य खोडलं. आता तिथे आहे : ‘या. प्रवास कसा झाला? चहाची पातेली खालच्या कपाटात आहे.’

इंग्रजी पानावर मी ‘पातेली खालच्या कपाटात’ घेतलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवं होतं.

नवी वेबसाइट व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत सुरू झाली. पहिल्या आठवड्यात एका बाईंचा ईमेल आला. त्यांनी लिहिलं होतं की आईला एक्केचाळीस पायऱ्या जमणार नाहीत, म्हणून आम्ही येत नाही. पण आधीच सांगितल्याबद्दल आभार. काकांनी तो मला पाठवला. सोबत त्यांचा प्रश्न होता : पडवीजवळ गाडी जाईल असा रस्ता करायला किती खर्च येईल?

शब्दार्थ
निश्चिंत – काळजी नसलेला
हातचा जाणे – मिळणारी गोष्ट निसटणे
धक्का – (इथे) बोट लावायची जागा
पडवी – घराला लागून असलेली छप्पर असलेली जागा
मुखवटा – चेहऱ्यावर लावायचा खोटा चेहरा
सक्तीचा – टाळता न येणारा

स्वाध्याय
१. तुमच्या घरातल्या तीन कागदांवर तारीख एकसारखी होती का? कोणी कशी लिहिली, ते दोन वाक्यांत सांगा.
२. १२ जुलै ते १९ जुलै : रात्री किती? दिवसांची नावं किती?
३. काका आधी गप्प झाले आणि मग “मोठ्या अक्षरात लिही” म्हणाले. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल?
४. तुमच्या घरी पाहुणे येणार आहेत. त्यांना आधीच सांगायला हव्यात अशा तीन गोष्टी मराठीत टाइप करा. त्यातली एक तरी गोष्ट गैरसोयीची असू द्या.