एक वही, दोन जावा

प्रश्न : मी सी भाषेत दोन थ्रेडचा प्रोग्रॅम लिहिला. दोघे आपापला काउंटर वाढवतात, लॉक कुठेच नाही. तरी तेवढंच काम एका थ्रेडकडून करून घेतलं तर लवकर उरकतं. असं का? आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये काही ठिकाणी ‘कॅशलाइन अलाइन्ड’ अशी खूण दिसते, ती कशासाठी?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमचे काउंटरही जुळेच आहेत, एकमेकांना चिकटलेले. दुखणं तिथंच आहे. प्रोसेसर मेमरीतून सुटा बाइट कॅशमध्ये आणत नाही, अख्खी ओळ उचलतो. आजच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवर ही ओळ 64 बाइटची असते. तुमचा काउंटर 8 बाइटचा असेल, तर लागोपाठचे दोन बहुधा एकाच ओळीत बसतात.

आता दोन जावांमध्ये एकच वही आहे असं धरा. थोरली दुधाचा हिशेब लिहिते, धाकटी इस्त्रीचा. पानं वेगळी, भांडण नाही. नुसतं वाचायचं तर दोघींनी झेरॉक्स काढून ठेवावी. पण लिहायला मूळ वहीच हातात लागते, आणि एकीनं एक आकडा लिहिला की दुसरीची झेरॉक्स रद्दीत. मग दिवसभर वही जिन्यावरून वर-खाली. दोन कोरमध्ये हेच चालतं, कारण हार्डवेअर ओळीचा ताबा बघतं, तिच्यातलं व्हेरिएबल कुणाचं ते बघत नाही. याला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात. उत्तर बरोबरच येतं, म्हणून चूक कोडमध्ये डोळ्यांना दिसत नाही. मोठा चावट प्रकार आहे हा!

उपाय म्हणजे दोन वह्या. कर्नलमधली ती खूण कंपायलरला सांगते की हे व्हेरिएबल ओळीच्या सुरुवातीला ठेव. पण एकट्या व्हेरिएबलला खूण लावली तर उरलेल्या जागेत दुसरं कुणी येऊन बसू शकतं. स्ट्रक्चरच्या प्रकारालाच लावली तर त्याचा आकारही 64च्या पटीत जातो. सतत वाढणाऱ्या काउंटरसाठी कर्नल बऱ्याचदा प्रत्येक सीपीयूला स्वतंत्र प्रतच देतो आणि बेरीज लागेल तेव्हा करतो. मला तीच रीत जास्त आवडते.

मात्र खूण सगळीकडे टाकत सुटू नका. 8 बाइटला 64 मोजायचे, तर 10 लाख काउंटरना 80 लाखांऐवजी 6 कोटी 40 लाख बाइट लागतील, आणि कॅश रिकाम्या जागेनंच भरेल. आधी ‘पर्फ सी-टू-सी’ हे साधन चालवून कुठली ओळ भांडते आहे ते पाहा.

आणि 64 हा आकडाही पाठ करू नका. ॲपलच्या एम-1 वर ओळ 128 बाइटची आहे.