एकाच डब्यात दोन उलटी कामं : सिरियम ऑक्साइडची करामत

पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तिसऱ्याकडून तो काढून घ्यायचा असतो. एकाच डब्यात हे कसं जमतं?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार वीट असते. तिच्यावर ॲल्युमिनाचा थर; त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण आणि सिरियम ऑक्साइड. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की सिरियम ऑक्साइड तो साठवतं, कमी पडला की सोडतं. यात सिरियमची संयुजा ४ वरून ३ होते आणि पुन्हा ४ वर येते. म्हणजे हा ऑक्सिजनचा गल्लाच! कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रोजन वायू मिळतो.

पण लक्षात ठेवा, उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट काम करतो. थंड गाडी सुरू केल्यावर कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र तो घट्ट चिकटतो. म्हणून ‘कन्व्हर्टर आहे की’ असं म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. घरीही सांगा.