घोरणे थांबते तेव्हा

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की आपण हसतो. ‘किती गाढ झोप लागली आहे!’ असेही म्हणतो. पण घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे.

एक सोपा प्रयोग करा. कागदाच्या दोन पट्ट्या थोड्या अंतरावर समोरासमोर लोंबत्या धरा आणि मधून जोराने फुंका. पट्ट्या दूर न जाता जवळ येतात व फडफडतात. कारण वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे मधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो.

झोपेत घशात असेच काहीसे घडते. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. उताणे निजल्यास जीभही मागे सरकते. वाट अरुंद होते, हवेचा वेग वाढतो आणि मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागतात. हाच घोरण्याचा आवाज! सर्दी, लठ्ठपणा, मद्यपान यांनी तो वाढतो. मुलांमध्ये बहुधा वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी कारणीभूत असतात.

आता ही वाट पूर्णच मिटली तर? आवाज थांबतो. ऐकणाऱ्याला वाटते, सुटलो! प्रत्यक्षात छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणूस घुसमटून मोठा श्वास घेतो. श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ थांबला तर त्यास ‘ॲप्निया’ म्हणतात. रात्रभर असे वारंवार घडले तरी सकाळी रोग्याला काही आठवत नाही. मात्र दिवसा पेंग येते, डोके दुखते, रक्तदाब वाढू शकतो. वाहन चालवताना डुलकी लागली तर जिवावरच बेतते. वर्गात पेंगणारा मुलगाही आळशीच असेल असे नाही!

उपाय कारणानुसार ठरतो. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. मुलांच्या वाढलेल्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढता येतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती प्रसिद्ध केली. नाकावर मुखवटा बसवून सौम्य दाबाने सतत हवा सोडायची. ही हवाच श्वासमार्गाला आतून टेकू देते. या यंत्राला ‘सीपॅप’ म्हणतात.

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. तेव्हा घरात कोणी घोरता घोरता एकदम शांत झाले, तर घड्याळात सेकंद मोजा. असे वारंवार होत असेल तर सकाळी त्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा.