दगडाची चिठ्ठी

परवा एक मजूर भाऊ माझ्याकडे आले. बोईसरच्या बाजूला एका बंद खदानीच्या ढिगात त्यांना एक दगड सापडला होता. बाहेरून काळा, आत पोकळ. पोकळीत फिकट गुलाबी, चकचकीत खडे.

"गुरुजी, हा हिरा असंल का हो?"

मी म्हणालो, "भाऊ, हा हिरा नव्हे. पण फेकून देण्याजोगाही नव्हे. बसा, सांगतो."

त्यांना जे सांगितले तेच या पाठात सांगतो.

खडे कसे झाले?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलुखात जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो थंड झाला आणि आपला काळा दगड तयार झाला. सह्याद्री याच दगडाचा. आपल्या पालघर, बोईसरकडचे बहुतेक डोंगरही याचेच.

रसात वाफेचे बुडबुडे होते. आंबोळीला जाळी पडते ना, तशा दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपले. त्या पाण्यात निरनिराळी द्रव्ये विरघळलेली होती. मिठागरात पाण्यातून मिठाचे खडे जमतात, साधारण तसेच हे खडे पोकळीत जमले.

बोरघाटातून 1863 साली रेल्वे सुरू झाली. तो घाट फोडताना असे पुष्कळ खडे निघाले. काही तर परदेशच्या संग्रहालयांत जाऊन बसले!

ओळख कशी पटवावी?

आधी नुसते डोळ्यांनी पाहा. मग एक जुना चाकू घ्या. स्वयंपाकाचा नको. खड्याच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यावर, हलकेच ओरखडा काढा.

1. चाकूने ओरखडा उठत नाही, उलट खडाच काचेच्या बाटलीवर ओरखडा काढतो. ही गारगोटी. बाटली साबूत घ्या. फुटकी काच हाताला लागते.

2. चाकूने ओरखडा उठतो, आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात. हे कॅल्साइट. ते फुटले की तुकडे शंकरपाळ्यासारखे तिरपे पडतात.

3. चाकूने ओरखडा उठतो, पण लिंबाने बुडबुडे येत नाहीत. हा खडा बहुधा झिओलाइट जातीचा किंवा तिच्या सोबत्यांपैकी असतो. स्टिल्बाइट भाताच्या पेंढीसारखे दिसते, मध्ये आवळलेले आणि टोकांना पसरलेले. ॲपोफिलाइट काचेसारखे नितळ असते. त्याला वर टोक किंवा सपाट माथा असतो.

भाऊंचा खडा पेंढीसारखा होता. लिंबाने बुडबुडे आले नाहीत. म्हणजे ते स्टिल्बाइट.

खडा जिभेला लावू नका. विस्तवावर तापवू नका. संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच ओतू नका. त्याने खडाही जातो आणि डोळाही जातो.

जीव सांभाळा

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने खदानीच्या ढिगातून बोटाएवढी धातूची नळी उचलून आणली. तिला दोन तारा होत्या. खेळता खेळता त्याने ती दगडावर ठोकली. डाव्या हाताची तीन बोटे गेली. ती नळी सुरुंगाची होती. तिला डिटोनेटर म्हणतात. न उडालेली नळी पुष्कळ वर्षांनंतरही उडू शकते. अशी वस्तू दिसली तर हात लावू नका. मागे फिरा, पोरांना दूर न्या, पोलीसपाटलाला कळवा किंवा 112 नंबर फिरवा.

खदानीच्या कड्याखाली उभे राहू नका. पावसाने दगड सुटतात. खदानीत साचलेल्या पाण्यात उतरू नका. त्याला उतार नसतो. एका पावलात माणूस बुडतो. एकट्याने जाऊ नका. मालकाला विचारल्यावाचून जाऊ नका. ढीग टाकाऊ दिसला तरी जागा कुणाची तरी असते.

दगड फोडायचाच तर आधी भिजवा. डोळ्यांना चष्मा लावा. गारगोटीची बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि परत निघत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. शेजारच्या गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कित्येक कारागिरांना तो झाला. नुसता रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. हा रोग पुष्कळदा क्षयासारखा वाटतो. म्हणून खदानीत किंवा क्रशरवर काम केले असेल आणि खोकला लागला असेल, तर डॉक्टरांना आपले काम अवश्य सांगा.

काही खडे कापसासारखे किंवा सुईसारखे असतात. त्यांना कुरवाळू नका, फुंकू नका. सुया कातडीत मोडतात. तुर्कस्तानात कराईन नावाचे गाव आहे. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचे तंतूंचे खनिज होते. त्याची धूळ श्वासातून गेली आणि गावात छातीच्या आवरणाचा कर्करोग पसरला. आपल्याकडच्या सगळ्याच सुया तशा नसतात. पण डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच जपून हाताळा. त्या डब्यात ठेवा, झाकण लावा, हात धुवा.

चिठ्ठी लिहा

बाकीचे खडे थंड पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा. आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठी ठेवा. नाशिकजवळच्या पांडवलेण्याचे हिरवे ॲपोफिलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट, अशी गावाच्या नावाने खनिजांची जगात ओळख आहे. गाव ठाऊक नसेल तर खड्याची निम्मी किंमत गेली म्हणून समजा. सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. जमले तर पाहून या.

भाऊ म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठी तुम्हीच लिवा." मी म्हणालो, "दगड तुम्ही शोधला, चिठ्ठीही तुम्हीच लिहा." त्यांनी सावकाश लिहिले:

कुठे: बोईसरजवळ, बंद खदान, पूर्वेचा ढीग
कशात: काळ्या दगडाच्या पोकळीत
काय: स्टिल्बाइट
परवानगी: मालकाला विचारले

तारीख राहिली होती. ती मी विचारली, आणि त्यांनी लिहिली.

उजळणी

1. गारगोटी आणि कॅल्साइट यांतला फरक कसा ओळखाल?
2. तारा असलेली नळी दिसली तर काय कराल?
3. दगड फोडण्याआधी का भिजवावा?
4. आपल्या गावात मिळालेल्या एका दगडाची चिठ्ठी लिहा.