चला इंग्रजी शिकू या : निझ्नी नोवगोरोद



आमच्या इमारतीत रशियाहून आलेल्या एक वृद्ध बाई राहतात. एकदा इंग्रजी अर्ज भरून घेण्यासाठी त्या माझ्याकडे आल्या. जन्मस्थळाच्या रकान्यापाशी मी अडलो. जुन्या जन्मदाखल्यावर 'गोर्की' होते, तर पासपोर्टवर 'निझ्नी नोवगोरोद'. जागा थोडी म्हणून मी नुसते 'नोवगोरोद' लिहिले. बाई म्हणाल्या, "ते माझे गाव नव्हे!" अर्ज तसाच गेला असता तर त्यांचा जन्म भलत्याच शहरात लागला असता. म्हणून आजचा पाठ या एका नावाचा.

१. अर्थ. 'नोव' म्हणजे नवे. आपला 'नव' आणि हा 'नोव' एकाच मुळाचे शब्द आहेत. 'गोरोद' म्हणजे शहर. अलिबागजवळचे नवगाव आपल्याला परके नाही. आपले पूर्वज जहाज फुटून तेथेच किनाऱ्याला लागले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तसेच हे रशियातले नवगाव समजा. 'निझ्नी' म्हणजे खालचे. हे विशेषण लागते कारण रशियात याहून जुने दुसरे नोवगोरोद आहे. ते वोल्खोव नदीवर असून 1999 पासून त्याचे अधिकृत नाव वेलिकी, म्हणजे थोर, नोवगोरोद असे आहे. आपले शहर मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे 400 किलोमीटरवर, ओका आणि व्होल्गा या नद्यांच्या संगमावर 1221 साली वसले. ते मोटारी व जहाजे बांधणारे कारखान्यांचे शहर आहे.

२. उच्चार. यातला 'झ' आपल्या 'माझा'तला नव्हे. 'श' म्हणण्यासाठी जीभ ठेवा आणि तशीच ठेवून गळ्यातून आवाज काढा. इंग्रजीत 'प्लेझर', 'मेझर' या शब्दांत हाच आवाज आहे. हिब्रूत तो झायिनपुढे गेरेश देऊन लिहितात. 'झाकेट' म्हणताना आपण तो रोज काढतो. जोर 'निझ्' आणि 'नोव्' या पहिल्या अवयवांवर द्यावा.

३. लेखन. पहिला शब्द एन, आय, झेड, एच, एन, वाय असा लिहितात. दोन्ही शब्दांची आद्याक्षरे मोठी, मध्ये आडवी रेघ नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत झेड-एचच्या जागी 'जे' आढळतो, शहर तेच. 'लोअर नोवगोरोद' असे भाषांतर करू नये. थोडक्यात म्हणायचे तर 'निझ्नी' म्हणावे, कारण तेथील लोकही तसेच म्हणतात. नुसते 'नोवगोरोद' म्हटले की दुसरे शहर होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजीत शहराच्या नावाआधी 'द' येत नाही, नदीच्या नावाआधी येतो. शहर नदीकाठी असेल तर 'ऑन' वापरतात : 'निझ्नी नोवगोरोद इज ऑन द व्होल्गा.'

४. कोणत्या सालाला कोणते नाव? लेखक मॅक्सिम गोर्की यांचा जन्म येथे 1868 साली झाला. 'गोर्की' हे त्यांचे टोपणनाव, त्याचा अर्थ कडू. 1932 साली ते हयात असतानाच शहराला त्यांचे नाव दिले गेले. 1990 साली जुने नाव परत आले. म्हणून मधल्या 58 वर्षांतील घटना सांगताना 'गोर्की' लिहावे. शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांना जानेवारी 1980 मध्ये हद्दपार करून ठेवले ते गोर्की येथे. तेव्हा ते शहर परदेशी लोकांना बंद होते. डिसेंबर 1986 मध्ये ते मॉस्कोला परतले. प्रथमच उल्लेख येईल तेथे 'गोर्की, नाऊ निझ्नी नोवगोरोद' असे लिहिले की वाचकाचा घोटाळा होत नाही. काही नावे मात्र बदलली नाहीत. तेथील मोटार कारखाना 'गाझ' म्हणून ओळखला जातो, त्यातला 'ग' अजून गोर्कीचाच आहे.

५. दाखल्यांविषयी. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या कागदांवर 'बॉम्बे' आहे! 1995 पासून ते इंग्रजीतही मुंबई झाले. पण त्यामुळे जुना दाखला खोटा ठरत नाही. जन्मस्थळ लिहिताना दाखल्यावर आहे तेच नाव आधी लिहावे, आणि पुढे 'नाऊ' घालून आजचे नाव जोडावे. आपल्या मनाने जुने नाव खोडू नये, नव्याचा अर्धा भागही गाळू नये. कागदावरचे नाव जुळले नाही तर खेटे घालावे लागतात ते त्या माणसाला, लिहून देणाऱ्याला नव्हे.

सराव. इंग्रजीत लिहा :
(अ) माझी शेजारीण 1940 साली गोर्की येथे जन्मली.
(आ) निझ्नी नोवगोरोद व्होल्गा नदीवर आहे.
(इ) ती नोवगोरोदची नाही, निझ्नीची आहे.

उत्तरे : (अ) माय नेबर वॉज बॉर्न इन गोर्की, नाऊ निझ्नी नोवगोरोद, इन 1940. (आ) वर तिसऱ्या भागात पाहा. (इ) शी इज नॉट फ्रॉम नोवगोरोद. शी इज फ्रॉम निझ्नी.

बाईंचा अर्ज मी दुसऱ्या कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिला. जन्मस्थळाच्या रकान्यात दोन्ही नावे नीट बसली. अक्षर थोडे बारीक काढावे लागले, एवढेच.